खळगे राहिले, नियम लिहायचे राहिले

सह्याद्रीतल्या लेण्यांच्या ओसरीत, किल्ल्यांवरच्या पहाऱ्याच्या जागी, घाटवाटांच्या विसाव्यांवर कातळात कोरलेल्या वाटीएवढ्या खळग्यांच्या दोन समांतर ओळी अनेक ठिकाणी आढळतात. हे एका बैठ्या खेळाचे पट आहेत. गेल्या काही वर्षांत अभ्यासकांनी अशा पटांच्या नोंदी केल्या, वर्तमानपत्रांतून त्यांची छायाचित्रे आली आणि ‘मंकळा’ हे त्या खेळाचे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडू लागले. हे चांगलेच झाले. मात्र या उत्साहात एक गोष्ट मागे पडली आहे. कोरीव पट सापडला की तो किती जुना, कोणत्या राजवटीचा, व्यापारी मार्गावरचा की नाही, याची चर्चा होते. त्यावर दोन माणसांनी समोरासमोर बसून नेमके काय करायचे, ही चर्चा जवळजवळ होतच नाही. दगडातला खळगा ऊनपाऊस सोसून शेकडो वर्षे टिकतो. नियम मात्र माणसांच्या स्मरणात राहतात आणि दोन पिढ्यांनी खेळणे सोडले की पुसले जातात. म्हणून या खेळाच्या बाबतीत जतनाचे पहिले काम दगडाला कुंपण घालण्याचे नाही, नियम गोळा करून, ठरवून, सोप्या मराठीत लोकांच्या हाती देण्याचे आहे. आणि ते करायला नवी मुंबईइतके सोयीचे शहर महाराष्ट्रात दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे.

खेळ कसा असतो ते आधी पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. दक्षिण भारतात सर्वाधिक रूढ असलेल्या प्रकारात दोन ओळींत प्रत्येकी सात, अशी चौदा घरे असतात. समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी प्रत्येकाची आपल्याकडची सात घरे. प्रत्येक घरात पाच चिंचोके ठेवायचे, म्हणजे एकूण सत्तर. चिंचोक्यांऐवजी कवड्या, गुंजा, सागरगोटे किंवा साधे खडे चालतात. सोंगट्यांचे रंग नाहीत, फासे नाहीत, राजा-प्यादे असा भेद नाही. ज्याची पाळी तो आपल्या कोणत्याही एका घरातले सगळे चिंचोके उचलतो आणि पुढच्या घरापासून एकेक टाकत जातो. दिशा ठरलेली असते: आपल्या ओळीत डावीकडून उजवीकडे, मग वळून समोरच्याच्या ओळीत, आणि पुन्हा आपल्याकडे. हातातला शेवटचा चिंचोका पडला की त्याच्या पुढचे घर पाहायचे. ते भरलेले असेल तर त्यातले सगळे उचलून पेरणी पुढे चालू ठेवायची. ते रिकामे निघाले तर त्याच्या पलीकडच्या घरात जे असेल ते आपले, आणि पाळी संपली. लागोपाठ दोन घरे रिकामी निघाली तर हाती काही न लागता पाळी समोरच्याकडे जाते. काही कुटुंबांत आणखी एक नियम पाळतात: पेरणी चालू असताना एखाद्या घरात बरोबर चार चिंचोके झाले की त्याला गाय म्हणतात आणि ते घर ज्याचे असेल त्याने चारही उचलून घ्यायचे. एवढे सांगितले की सहा-सात वर्षांचे मूल खेळायला बसू शकते.

आता एक चाल प्रत्यक्ष करून पाहावी. घरांना आपल्या डाव्या हातापासून १ ते १४ क्रमांक द्या. १ ते ७ आपली, ८ ते १४ समोरच्याची. घर १ मधले पाच उचला, ते २ ते ६ मध्ये पडतील. पुढचे घर ७ भरलेले आहे, त्यातले पाच उचला, ते ८ ते १२ मध्ये जातील. मग १३ मधले पाच उचलून १४, १, २, ३, ४ मध्ये. पुढे ५ मध्ये आता सहा आहेत, ते ६ ते ११ मध्ये. मग १२ मधले सहा उचलून १३, १४, १, २, ३, ४ मध्ये. आता पुढचे घर ५, आणि ते आपणच मघाशी रिकामे केलेले. पलीकडच्या ६ मध्ये सात चिंचोके जमले आहेत, ते आपले. एकाच पाळीत पाच वेळा उचल झाली, दोन फेरे झाले आणि सात चिंचोके पदरात पडले. लक्षात घेण्यासारखी बाब अशी की सुरुवातीला सगळी घरे सारखीच असल्यामुळे पहिली चाल कोणत्याही घरापासून केली तरी मिळकत सातच होते. मग निवड कशाची? मागे काय उरते याची. घर १ पासून सुरुवात केली तर आपल्या ओळीत २७ आणि समोरच्याच्या ओळीत ३६ चिंचोके राहतात. तीच चाल घर ७ पासून केली तर आपल्याकडे ३१ आणि समोर ३२ राहतात. मिळकत सारखी, पण पुढची स्थिती वेगळी. दोन्ही हातांनी चिंचोके हलवता हलवता हे मनात मोजता येणे, म्हणजे हा खेळ येणे. फासे नसल्यामुळे नशिबाला दोष देण्याची सोय इथे नाही. सारीपाटात किंवा चल्लसमध्ये चांगल्या खेळाडूलाही कवड्या दगा देऊ शकतात. इथे हरलेला माणूस मागे जाऊन आपली चूक नेमकी कोणत्या घरापाशी झाली ते दाखवू शकतो.

खरी खोली मात्र एका चालीत नाही, डावामागून येणाऱ्या डावांत आहे. ज्याची पाळी आली त्याच्या ओळीत चिंचोकेच उरले नाहीत की डाव संपतो आणि समोर उरलेले ज्याचे त्याने घ्यायचे. मग ज्याने त्याने आपल्या कमाईतून आपली सात घरे पुन्हा पाच-पाचने भरायची. त्यासाठी ३५ लागतात. समजा एकाकडे ४३ आले आणि दुसऱ्याकडे २७. पहिल्याची सात घरे भरून आठ शिल्लक राहतात. दुसऱ्याची पाचच घरे भरतात, दोन चिंचोके उरतात, आणि त्याची दोन घरे त्या डावापुरती बंद होतात. पेरताना दोघांनीही ती ओलांडून जायचे. म्हणजे मागच्या डावाची हार पुढच्या डावाच्या जमिनीतच दिसते. पण बंद घरामुळे पेरणीची मोजणी बदलते, चाल कुठे संपेल त्याचे सगळे ठोकताळे दोघांसाठीही नव्याने मांडावे लागतात, आणि कमी घरांवर खेळणारा हिशेबी खेळाडू पुढच्या डावात घरे परत मिळवू शकतो. दोघांपैकी कुणाला आपले एकही घर भरता आले नाही की खेळ संपला. अख्खी दुपार एक खेळ चालतो तो यामुळे. बैठ्या खेळांत इतक्या कमी साहित्यातून तोटा, उरलेली पुंजी आणि सावरणे यांचा इतका स्पष्ट अनुभव देणारा दुसरा खेळ मला दिसत नाही. शाळेत ‘बाकी’ आणि ‘भाग’ शिकवताना फळ्यावर जे कोरडे वाटते ते इथे हाताला लागते. चौदा घरांवर सतरा चिंचोके पेरले तर शेवटचा कुठे पडेल, हा भागाकाराचा प्रश्न आहे, हे मुलाला सांगावेही लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. नियम लिहून ठरवल्याने खेळाचे काय होते, याची दोन उदाहरणे आपल्याच मातीत आहेत. खो-खो शतकानुशतके गावोगाव खेळला जात होता, पण १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले, मग स्पर्धा आल्या, संघ आले, शाळांच्या मैदानांवर खांब उभे राहिले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतेपदे भारताने मिळवली. एका शहरातल्या एका संस्थेने कागदावर उतरवलेल्या नियमांपासून ही वाट सुरू झाली. दुसरे उदाहरण बॅडमिंटनचे. पिसांच्या फुलाला फळीने टोलवण्याचे खेळ कितीतरी देशांत होते. पण १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे नियम लिहिले आणि ते इंग्लंडला गेले. ज्यांनी नियम लिहिले त्यांच्यामार्फत खेळ जगभर गेला. ज्यांचे नियम तोंडीच राहिले, त्यांचा खेळ त्यांच्या गावातच राहिला किंवा विरला. मंगळागौरीचे उदाहरण तर घरातलेच आहे. वाडे गेले, मोठी अंगणे गेली, तरी झिम्मा-फुगडीचे प्रकार आज सभागृहांत दिमाखात होतात, कारण महिलांच्या गटांनी ते मुद्दाम शिकून घेतले, बसवले, आणि नव्या मुलींना शिकवले. मंकळ्याचे असे कोणी केले नाही. आज एखाद्या मराठी पालकाला हा खेळ मुलाला शिकवावासा वाटला तर सर्वांनी मान्य केलेले, छापील, मराठी नियमपत्रक त्याला सहजी मिळत नाही.

यावर जाणकारांकडून येणारा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. लोकखेळाचे सौंदर्य त्याच्या विविधतेत असते. एकच नियम छापला की बाकीचे मरतील, असे ते म्हणतात. ही भीती खरी आहे. तमिळ कुटुंबांत या खेळाला पल्लांकुळी म्हणतात आणि तिच्या एका प्रकाराला १४६ कवड्या लागतात, कारण बहुतेक घरांत बारा-बारा आणि मधल्या दोन घरांत एकेकच मांडतात. कर्नाटकात अळगुळी मणे, तुळुनाडूत चेन्ने मणे, आंध्र-तेलंगणात वामनगुंटलू. चिंचोके किती, रिकाम्या घरापुढचे घ्यायचे की समोरचेही घ्यायचे, गाय धरायची की नाही, हे सगळे ठिकठिकाणी बदलते. पण जगाचा अनुभव असा आहे की नियम ठरवणे आणि विविधता राखणे या एकमेकींच्या विरोधातल्या गोष्टी नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत याच कुळातल्या खेळांची नोंद केली. ती नोंद कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान या तीन देशांनी मिळून मागितली होती. कझाक लोकांच्या प्रकारात प्रत्येक बाजूला नऊ घरे आणि एकूण १६२ गोळ्या असतात. तुर्कांच्या प्रकारात सहा-सहा घरे आणि ४८ खडे. तिघांनी एकच नियम केला नाही. आपापले नियम पक्के केले, त्यांच्या स्पर्धा भरवल्या, आणि एकत्र येऊन सांगितले की हे सगळे एका कुळातले आहेत. विविधता मारते ती विस्मृती. दहा प्रकार कागदावर उतरले, त्यांतला एक स्पर्धेसाठी निवडला, तर उरलेले नऊ निदान वाचायला राहतात. आज ते दहाही कुणा आजीबरोबर जाऊ शकतात.

दुसरा आक्षेप असा की हा खेळ आपला नाहीच. तो दाक्षिणात्यांचा, किंवा त्याहून मागे गेले तर आफ्रिकेचा. १८९० च्या दशकात स्ट्युअर्ट क्युलिन या अमेरिकी अभ्यासकाने त्याला आफ्रिकेचा राष्ट्रीय खेळ म्हटले होते, आणि घानापासून टांझानियापर्यंत तो किती खोल रुजला आहे हे पाहता त्यात नवल नाही. याच्या उलट टोकाला, हा खेळ भारतानेच जगाला दिला असे सांगणारेही भेटतात. दोन्ही बाजूंनी पुराव्याच्या पुढे जाऊ नये. कातळातल्या खळग्यांचे वय ठरवणे अतिशय अवघड असते. लेणे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे म्हणून त्याच्या ओसरीतले खळगेही दोन हजार वर्षांचे ठरत नाहीत. मधल्या कोणत्याही शतकात आसऱ्याला थांबलेला वाटसरू, शिपाई किंवा गुराखी ते कोरू शकतो. शिवाय प्रत्येक खळगा खेळाचा नसतो. काही कुटायचे, काही खांब रोवायचे, काही पूजेचे असतात. दोन समांतर ओळी, दोन्हींत सारखी संख्या, जवळपास सारखा आकार आणि दोन्ही बाजूंना बसायला जागा, एवढे जुळले तरच पट म्हणावे. या सावधगिरीने मंकळ्याचे महत्त्व कमी होत नाही. कातळ मराठी मुलखातला आहे, त्यावर बसून इथलीच माणसे खेळली आहेत, एवढे पुरेसे आहे. त्यासाठी सातवाहनांची साक्ष काढण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो: मुलांच्या हातात फोन आहे, चिंचोके कोण खेळणार? त्यामागे हा खेळ बाळबोध आहे असा समज दडलेला असतो. तो चुकीचा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या याच कुळातल्या अवारी या खेळात फक्त बारा घरे आणि ४८ बिया असतात. त्याचा संपूर्ण उलगडा करायला ॲमस्टरडॅमच्या दोन संगणकशास्त्रज्ञांना २००२ मध्ये १४४ प्रोसेसर जोडलेल्या यंत्रणेवर सुमारे ८८९ अब्ज स्थिती तपासाव्या लागल्या. निष्कर्ष निघाला की दोघेही अचूक खेळले तर बरोबरी होते. इतकी अचूकता कोणत्याही माणसाला शक्य नाही, म्हणून खेळ जिवंतच राहतो. आपला चौदा घरांचा आणि लांबत जाणाऱ्या पेरणीचा प्रकार काही त्याहून सोपा नाही. फोनशी स्पर्धा करायची गरजही नाही. बुद्धिबळ फोनवर सर्वाधिक खेळले जाऊ लागले त्याच काळात बुद्धिबळाच्या शिकवण्यांना मुलांची गर्दी वाढली. मुलांना समोर बसलेला प्रतिस्पर्धी आवडतो. तो आपण त्यांना देत नाही. आणि मंकळ्यात तर सात वर्षांची नात आणि सत्तरीचे आजोबा बरोबरीने बसू शकतात, कारण ताकद लागत नाही, वाचता येण्याची अट नाही. दृष्टिहीन माणूससुद्धा बोटांनी घरे चाचपून, चिंचोके मोजून तो पूर्ण खेळू शकतो. पटावर वेगळी खूण करावी लागत नाही. सार्वजनिक जागेत ठेवायला याहून अधिक सर्वांना सामावणारा खेळ शोधून सापडणार नाही.

नवी मुंबईच का, याचे उत्तर या शहराच्या घडणीत आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहू लागले. आगरी-कोळी गावठाणे इथली मूळ वस्ती. त्यांच्याभोवतीच्या सेक्टरांत कोकण, घाटमाथा, मराठवाडा, विदर्भ इथून माणसे आली, आणि त्यांच्याबरोबर तमिळ, कन्नड, तेलुगू, मल्याळी आणि तुळू बोलणारी कुटुंबेही वाशी, नेरूळ, खारघरला स्थिरावली. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या ११ लाख २० हजारांवर होती. याचा अर्थ असा की दगडावर जे खळगे सह्याद्रीत विखुरलेले आहेत, त्यांचे जिवंत नियम याच शहरातल्या इमारतींत शेजारी-शेजारी राहत आहेत. तुळुनाडूत पावसाळ्यातल्या आटी महिन्यात घरोघरी चेन्ने मणे निघत असे; ते आठवणारी माणसे आज इथल्या सोसायट्यांत असणार. तमिळ घरांत माळ्यावर पितळेचा किंवा मत्स्याकृती लाकडी पट पडलेला असेल. कोकणातून आलेल्या एखाद्या आजीला जमिनीत खड्डे करून चिंचोक्यांनी खेळलेला डाव आठवत असेल. नियमांची जुळवाजुळव करायला दुसरीकडे चार राज्ये फिरावी लागतील. इथे चार मजले चढले तरी पुरे. म्हैसूरच्या रामसन्स कला प्रतिष्ठानने ‘क्रीडा कौशल्य’ या प्रदर्शनांतून आणि चेन्नईच्या ‘क्रीडा’ या उपक्रमाने खेळ तयार करून विकण्यातून दाखवून दिले आहे की पारंपरिक बैठ्या खेळांना आजचा ग्राहक आणि खेळाडू मिळतो. महाराष्ट्रात ते काम संस्थेच्या पातळीवर व्हायचे आहे, आणि ते मिश्र वस्तीच्या शहरात अधिक सोपे होईल.

काम काय करायचे तेही सांगतो. महापालिकेची उद्याने आहेत, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे आहेत, महापालिकेच्या शाळा आहेत. प्रत्येक विरंगुळा केंद्राच्या ओट्यावर आणि मोठ्या उद्यानांतल्या दोन-दोन बाकांमध्ये काळ्या दगडाची एक फरशी बसवावी, तिच्यात चौदा घरे कोरलेली असावीत. लाकडी पट पावसात कुजतो आणि प्लास्टिकचा पट कुणी उचलून नेतो. दगड जागचा हलत नाही, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. कोरण्याचे काम पाथरवटांना द्यावे. पाट्याला टाकी लावणारे हात आता मिक्सरमुळे रिकामे आहेत, आणि अशी एकेक फरशी त्यांच्यासाठी अवघड काम नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: फरशीशेजारी नियमांची पाटी असावी, मोठ्या अक्षरांत, मराठीत, आकृतीसह. या पाटीशिवाय फरशी बसवली तर ती आणखी एक शोभेची वस्तू होईल. मुले तिच्यात पाणी साठवतील आणि मोठी माणसे चहाचा कप टेकवतील. शाळांना तर फरशीचीही गरज नाही. अंडी ठेवायचा पुठ्ठ्याचा ट्रे कापला की सहा-सहा घरांचा पट होतो, चिंचोके फुकट मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळातून शिकण्याबद्दल पुष्कळ लिहिले आहे. तिसरी-चौथीच्या गणिताच्या तासाला आठवड्यातून एकदा हा डाव मांडणे, ही त्याची सर्वांत स्वस्त अंमलबजावणी ठरेल.

इथे खर्चाचा आक्षेप निघेल: ज्या शहरात पावसाळ्यात रस्ते खचतात आणि गावठाणांचे प्रश्न पन्नास वर्षे लोंबकळत आहेत, तिथे महापालिकेने चिंचोक्यांचा विचार करावा का? रस्ते आणि गावठाणांचे प्रश्न मोठेच आहेत, त्यांची बरोबरी खेळाशी कोणी करणार नाही. पण उद्याने, सुशोभन, भिंतीवरची चित्रे, चौकातली शिल्पे यांवर हे शहर दरवर्षी पैसा खर्च करतेच. त्याच पैशांतून थोडा भाग नुसते बघण्याच्या वस्तूंऐवजी वापरण्याच्या वस्तूवर गेला तर कुणाचा हक्क मारला जात नाही. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागेल. जुन्या लेण्यांत, किल्ल्यांवर, डोंगरातल्या कातळावर नवे खळगे कोरायचे नाहीत, आणि जुने आहेत त्यांना रंग किंवा सिमेंट लावायचे नाही. उलट दगडखाणींनी पोखरलेल्या पारसिक डोंगररांगेत आणि खारघरच्या टेकड्यांवर असे पट आहेत का, हे डोंगर आणखी कापला जाण्याआधी पाहून घ्यायला हवे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरची कातळशिल्पे स्थानिक अभ्यासकांनी चिकाटीने नोंदवली म्हणून २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीपर्यंत पोहोचली. त्यांनी आधी नकाशा केला, मोजमापे घेतली, मग जग आले. पटांसाठीही तोच मार्ग आहे; फक्त इथे मोजमापांच्या जोडीला नियमांचीही नोंद घ्यावी लागेल.

महापालिकेने मनावर घेईपर्यंत थांबायचे कारण नाही. ज्यांच्या घरात, सोसायटीत, गावाकडे हा खेळ आठवणारी व्यक्ती आहे, त्यांनी या आठवड्यात तिच्यासमोर चिंचोके ठेवावेत आणि वही घेऊन बसावे. घरे किती होती, एका घरात किती दाणे मांडत, कोणत्या दिशेने पेरत, शेवटचा दाणा पडल्यावर काय करत, रिकामे घर आले तर काय, चार झाले तर काय, डाव कधी संपे आणि हरलेला पुढचा डाव कसा मांडे, हे विचारावे. खेळताना म्हणायचे शब्द असतील तर ते त्यांच्याच बोलीत जसेच्या तसे उतरवावेत. गावाचे आणि तालुक्याचे नाव लिहावे. शक्य असेल तर एक पूर्ण डाव फोनवर चित्रित करावा, हात आणि पट दोन्ही दिसतील असा. मग ती वही जवळच्या ग्रंथालयात किंवा मुलांच्या शाळेत एक प्रत म्हणून द्यावी. हे ज्यांना आठवते त्यांतले बहुतेक जण आज सत्तरीच्या पुढचे आहेत, म्हणून दिवाळीच्या सुटीची वाट पाहू नका.